वरातीतला बँड, वहीतला बँड



मी जबलपूरहून बोलतोय. महाराष्ट्रातल्या श्रोत्यांना जबलपूर म्हटलं की भेडाघाट आठवतो, संगमरवराचे कडे आठवतात, धुवांधार आठवतो. कुणाच्या मावशीचं किंवा आत्याचं सासर इथलं असतं. १७८१पासून १८१७पर्यंत हा मुलूख मराठ्यांच्या हाती होता, आधी पेशव्यांच्या बाजूने, नंतर नागपूरकर भोसल्यांकडे. त्यामुळे मराठी घरं इथे पिढ्यान् पिढ्या आहेत. आमची मराठी थोडी हिंदीच्या अंगाने जाते, तेवढं आज सांभाळून घ्या.

विषय आहे बँड. लग्नाचा बँड. लाल किंवा निळा कोट, खांद्यावर सोनेरी झालर, टोपीवर तुरा, आणि पुढे क्लॅरिनेट किंवा ट्रम्पेट वाजवणारा मास्तर. आपण सगळे त्याच्यामागे नाचलोय. पण त्या मास्तराचं नाव तुमच्यापैकी किती जणांनी विचारलं असेल? मीसुद्धा कितीतरी वर्षं विचारलं नव्हतं. ते मला एका मुलामुळे विचारावं लागलं. तिथूनच सुरुवात करतो.

मी इथल्या एका शाळेत बरीच वर्षं मुलांचा बँड बसवत होतो. आठवड्यातून दोन दिवस, शाळा सुटल्यावर. पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी, क्रीडादिन, एवढंच आमचं काम. चार-पाच मार्च, राष्ट्रगीत आणि ‘सारे जहाँ से अच्छा’. आठवीतला एक मुलगा आला. त्याच्या हातात युफोनियम दिलं. हे पोटाशी धरायचं, जाड आवाजाचं पितळी वाद्य. बाकीच्या मुलांचा नुसता सूर निघायला पंधरा दिवस लागतात. याने पहिल्या दिवशी स्वच्छ सप्तक वाजवलं. मी विचारलं, “कुठे शिकलास?” म्हणाला, “असंच, सर.”

तीन-चार महिन्यांनी मी एका लग्नाला गेलो होतो. वरात आली आणि मागच्या ओळीत, टोपी डोळ्यांवर ओढून, हाच मुलगा युफोनियम वाजवत होता. आमची नजरानजर झाली. त्याने मान वळवली. पुढचे दोन आठवडे तो सरावाला आला नाही. मग एक दिवस त्याचे वडील शाळेच्या फाटकाशी भेटले. ते त्याच बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. हात जोडून म्हणाले, “मास्टरजी, स्कूल में मत बताइएगा.”

म्हणजे बघा. शाळेच्या बँडमध्ये वाजवणं ही शोभेची गोष्ट, तिचं प्रमाणपत्र मिळतं. तेच वाद्य, तोच मुलगा, तेच ओठ, आणि लग्नात वाजवणं ही लपवायची गोष्ट. हा फरक संगीतातला नाही, हे मला कळत होतं. पण त्या माणसाला उत्तर काय द्यायचं, हे सुचत नव्हतं. आजचं बोलणं म्हणजे त्या उत्तराचा शोध आहे.

आता थोडं मागे जाऊ. ही वाद्यं आपल्याकडे आली फौजेबरोबर. इंग्रजांच्या पलटणी, त्यांचे बँड, आणि त्या बँडची हौस संस्थानिकांना लागली. बडोदा, म्हैसूर, कोल्हापूर, ग्वाल्हेर, जिथे दरबार तिथे बँड. वादक कुठून आले? बरेचसे गोव्यातून. तिथल्या चर्चच्या शाळांमध्ये लहान मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवायची जुनी पद्धत होती. त्या शाळांतून निघालेली मुलं फौजेत, पोलिसांत, संस्थानांत आणि पुढे मुंबईच्या सिनेमा स्टुडिओंत गेली. दुसरीकडे, जुने ताशेवाले आणि सनईवाले यांनी लग्नात ही नवी वाद्यं उचलली. वाद्यं बनवण्याचा धंदा मेरठला उभा राहिला. तिथली नादिर अली कंपनी १८८५ सालची. आज देशात जिथे जिथे वरात निघते, तिथल्या बँडच्या खांद्यावर मेरठचं पितळ असण्याची शक्यता बरीच असते.

आमचं जबलपूर तर छावणीचं गाव. ग्रेनेडियर्सचं रेजिमेंटल सेंटर इथे आहे, जम्मू-काश्मीर रायफल्सचं इथे आहे, सिग्नल्सचं प्रशिक्षण केंद्र इथे आहे. फौजेच्या बँडवाल्यांना शिकवणारी संस्था पचमढीला, म्हणजे आमच्याच राज्यात. सदर भागात राहणाऱ्यांना पहाटे बिगूल ऐकू यायचा. त्या बिगुलाला पडदे नसतात, भोकं नसतात, नुसती नळी. ओठ आवळले की सूर चढतो. त्यातून कामाचे असे पाचच सूर निघतात. सा, प, वरचा सा, त्याच्यावरचा ग आणि त्याच्यावरचा प. आपल्या तानपुऱ्यात कान देऊन ऐकलं की जो गंधार आपोआप उमटतो, तोच हा गंधार. निसर्गाने दिलेला. फौज इंग्रजांची असली तरी हे पाच सूर कुणाच्या मालकीचे नाहीत. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर अशा या गावात श्याम बँड नावाचा नामांकित बँड झाला. दसऱ्याची मिरवणूक असो, मोठं लग्न असो, श्याम बँड असला की लोक थांबून ऐकत. आणि १९९२ साली हा जबलपूरचा बँड ब्रिटनला गेला.

तिथे काय झालं ते नीट ऐका. लंडनमध्ये रस्त्यावर वाजवणाऱ्या हौशी-व्यावसायिक वादकांचं एक पथक होतं. सॅक्सोफोन, ट्रम्पेट, ड्रम. त्यांची गाठ आमच्या जबलपूरच्या मंडळींशी पडली. ते बरोबर वाजवायला बसले. आमच्या लोकांकडून हिंदी सिनेमाची गाणी शिकले. कुठली ओळ एकट्याने वाजवायची, कुठे सगळ्यांनी तुटून पडायचं, ढोलाचा ठेका कसा धरायचा, ते सगळं शिकले. आमची मंडळी परत आली, पण ते शिकणं तिथेच राहिलं. त्यातून लंडनमध्ये एक नवा बँड उभा राहिला. बॉलिवूड ब्रास बँड. तो अनेक वर्षं वाजत राहिला. ब्रिटनमधल्या भारतीय घरांच्या लग्नांत वाजवतो, मोठ्या महोत्सवांत वाजवतो, त्यांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. आणि ते लोक शाळांमध्ये जाऊन मुलांना कार्यशाळा घेऊन हे वाजवायला शिकवतात.

आता हिशेब मांडा. लंडनमधल्या एखाद्या शाळेतलं इंग्रज पोर वर्गात बसून, शिक्षकांसमोर, कागदावर लिहिलेलं हिंदी गाणं ट्रम्पेटवर शिकतं. ती परंपरा जिथून गेली त्या जबलपुरात आमचं पोर टोपी डोळ्यांवर ओढतं.

एरवी आपण काय ऐकतो? अमुक देशातल्या शाळेचा किंवा कॉलेजचा बँड दौऱ्यावर गेला, मुलांनी नवं जग पाहिलं, आणि त्या प्रवासावर कुणी संगीतकाराने बँडसाठी रचना लिहिली. युरोप-अमेरिकेत हा रिवाजच आहे. तिथे शाळा-कॉलेजांत फुंकवाद्यांचे मोठे बँड असतात, पन्नास-साठ मुलांचे, आणि त्यांच्यासाठी मुद्दाम संगीत लिहिलं जातं. १९९२च्या दौऱ्यात मात्र उलट झालं. दौऱ्यावर गेले ते गुरू होते, आणि विद्यार्थी तिथे बसले होते. फक्त आपण त्या गुरूंना गुरू म्हणत नव्हतो.

ऑकलंड विद्यापीठातले ग्रेगरी बूथ नावाचे अभ्यासक आहेत. त्यांनी भारतातल्या लग्नाच्या बँडवर अख्खं पुस्तक लिहिलं, ‘ब्रास बाजा’, २००५ साली. गावोगाव हिंडून, मालकांशी, मास्तरांशी, मागच्या ओळीतल्या वादकांशी बोलून. लग्नसराईपुरते खेड्यातून येणारे वादक, दुकानाच्या वरच्या खोलीत दाटीवाटीने राहणारे, सराई संपली की परत शेतावर. हे आपण रोज पाहतो. पाहून लिहायला मात्र न्यूझीलंडहून माणूस यावा लागला. यात मी कुणाला दोष देत नाही. घरातली गोष्ट बाहेरून आलेल्याला आधी दिसते, हे जुनंच आहे.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण तर आपलं राष्ट्रगीत. १९४७ साली न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या वेळी आपल्या शिष्टमंडळाला विचारणा झाली की तुमचं राष्ट्रगीत द्या, इथल्या वाद्यवृंदाकडून वाजवून घ्यायचंय. आपलं अजून ठरलेलंच नव्हतं! मंडळींकडे ‘जन गण मन’ची एक ध्वनिमुद्रिका होती. ती दिली, तिथल्या वादकांनी सराव केला आणि वाजवलं. लोकांना फार आवडलं. पंडित नेहरूंनी हे सगळं २५ ऑगस्ट १९४८ रोजी संविधान सभेत सांगितलं. परदेशी वकिलातींत आणि फौजेत वाजेल अशी धून हवी, ती वाद्यवृंदाला आणि बँडला पेलली पाहिजे, हा मुद्दा त्यातूनच पुढे आला.

आणि इथे आपले मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर येतात. भास्करबुवा बखल्यांचे शिष्य, नाटकांचे आणि प्रभातच्या सिनेमांचे संगीतकार. त्यांचं म्हणणं, ‘वंदे मातरम्’ बँडवर वाजत नाही हे मला मान्य नाही. त्यांनी झिंझोटी रागात सगळ्यांना म्हणता येईल अशी सोपी चाल बांधली, पाश्चात्त्य स्वरलिपी करवली, बँडवर बसवली आणि दिल्लीपर्यंत जाऊन ऐकवली. निर्णय २४ जानेवारी १९५० रोजी झाला तो आपल्याला माहीत आहे. ‘जन गण मन’ राष्ट्रगीत झालं आणि ‘वंदे मातरम्’ला तोच मान दिला गेला. पण मला त्यातली खटपट मोठी वाटते. ख्याल गाणारा, मैफल गाजवणारा माणूस म्हणतो की माझा राग या पितळी वाद्यांत उतरला पाहिजे, आणि त्यासाठी बँडवाल्यांशेजारी जाऊन बसतो. बँड म्हणजे हलकं काम, असं त्यांना वाटलं नाही.

आणखी एक माणूस, आमच्या शेजारचा. जबलपूरहून कटनीमार्गे दीडशे किलोमीटरच्या आसपास मैहर आहे. तिथे बाबा अल्लाउद्दीन खाँ राहिले. रविशंकर आणि अली अकबर खाँ यांचे गुरू म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण त्यांच्या तरुणपणी कलकत्त्यात ते बँडच्या वाद्यांत रमले होते. लोबो नावाच्या गोव्याच्या बँडमास्तरांकडून ते पाश्चात्त्य पद्धतीचं व्हायोलिन शिकले. पुढे मैहरला, पहिल्या महायुद्धाच्या शेवटी साथीचा रोग आला, पुष्कळ मुलं अनाथ झाली. बाबांनी ती मुलं गोळा केली आणि त्यांचा वाद्यवृंद बसवला. मैहर बँड. सतार, सरोद, व्हायोलिन, चेलो, तबला, आणि बंदुकीच्या नळ्या कापून केलेलं नलतरंग. बंदुकीच्या नळीतून बाबांनी जलतरंगासारखे सूर काढले! रस्त्यावरच्या पोरांसाठी त्यांनी रागांतल्या बंदिशी बांधल्या. तो वाद्यवृंद आजही आहे. मोठ्या कलावंताने पोरांसाठी खास रचना करायची असते, हा धडा आमच्या दारातच होता.

परदेशातलं एकच उदाहरण देतो. दारियुस मियो हे फ्रेंच संगीतकार. ज्यू होते. १९४०मध्ये नाझी फौजा फ्रान्समध्ये शिरल्यावर अमेरिकेला निघून गेले, कॅलिफोर्नियात शिकवू लागले. १९४४ साली त्यांना शाळकरी मुलांच्या बँडसाठी काही लिहा असं सांगण्यात आलं. त्यांनी ‘सुइत फ्रांसेझ’ लिहिलं. पाच भाग, प्रत्येकाला फ्रान्सच्या एका प्रांताचं नाव. नॉर्मंडी, ब्रिटनी, पॅरिसच्या भोवतालचा प्रदेश, आल्सास-लोरेन आणि प्रोव्हान्स. त्यात त्या त्या भागातल्या लोकगीतांच्या चाली गुंफल्या. त्यांचा विचार असा, की अमेरिकन मुलांचे बाप आणि भाऊ ज्या मातीवर लढताहेत, तिथली माणसं काय गातात ते या मुलांना कळू दे. १९४५ साली न्यूयॉर्कमध्ये ते पहिल्यांदा वाजलं. ती मुलं फ्रान्सला गेली नव्हती, रचनेनेच त्यांना तिथवर नेलं. आजही जगभरातल्या शाळा-कॉलेजांचे बँड ते वाजवतात.

हे वाचलं आणि मला माझं उत्तर सुचलं. आमची मुलं कुठल्या दौऱ्यावर जाणार नव्हती. शाळेकडे तेवढे पैसेच नव्हते. पण श्याम बँडचा दौरा झालेला होता. त्या दौऱ्यावर मुलांसाठी रचना का करू नये? आणि ती त्या मुलाच्या वडिलांना बरोबर घेऊनच का करू नये?

मी त्यांच्याकडे गेलो. आधी ते तयार होईनात. म्हणाले, “हमें लिखना नहीं आता.” मी म्हटलं, लिहायचं काम माझं, तुम्ही वाजवा. सराई नव्हती, पावसाळा होता, म्हणून वेळ मिळाला. रविवारी सकाळी माझ्या घरी बसायचो.

आता जरा तांत्रिक सांगतो, कारण खरी मजा तिथे आहे. पहिला प्रश्न पट्टीचा. आपण पेटीवर पांढरी एक, काळी एक म्हणतो. ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि युफोनियम यांचा घरचा ‘सा’ असतो काळी पाच. आल्टो हॉर्नचा काळी दोन. पेटीवाला पांढरी एकमध्ये बसला की ट्रम्पेटवाल्याला सगळं एक स्वर चढवून वाजवावं लागतं. शाळांच्या स्नेहसंमेलनात गाणं आणि बँड जुळत नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. मुलांची चूक नसते, पट्टी कुणी ठरवलेलीच नसते. आम्ही सगळ्यांचा सा काळी पाच धरला. आल्टो हॉर्नच्या मुलांना सांगितलं, तुमच्या वाद्याचा जो पंचम तो आज आपला षड्ज. त्यांना हे दोन दिवसांत कळलं.

(इथे क्लॅरिनेटवर काळी पाचचा सा धरून दाखवला.)

दुसरा प्रश्न राग कुठला. पितळी वाद्याला तीन खटके असतात. मधला दाबला की सूर अर्ध्या पायरीने उतरतो, पहिला दाबला की पूर्ण पायरीने, तिसरा दीड पायरीने. तीन खटक्यांच्या जोडण्यांतून नळीच्या सात लांब्या मिळतात. बाकी सगळं ओठांवर. नवशिक्या मुलांना कमी सूर, पण भरघोस सूर हवेत. आम्ही दुर्गा घेतला. सा रे म प ध. सगळे शुद्ध स्वर, बोटांना सोपे, आणि राणी दुर्गावतीच्या गावात दुर्गा नाही तर काय घ्यायचं?

तिसरा प्रश्न मात्र अवघड निघाला. मला सुरुवात बिगुलाने करायची होती, कारण बँडची गोष्ट छावणीत सुरू होते. पण बिगुलाच्या पाच सुरांत गंधार आहे, आणि दुर्गात गंधार वर्ज्य! मी आठवडाभर खोडत बसलो. ते एका मिनिटात म्हणाले, “ग को थका दीजिए.” म्हणजे काय? त्यांनी वाजवून दाखवलं. बिगुलाचा गंधार लांब धरायचा, हळूहळू बारीक करत न्यायचा, आणि तो विझता विझता खालून दुसऱ्याने मध्यम लावायचा. छावणी संपते आणि आपला राग सुरू होतो. मी चाळीस वर्षांत इतकी साधी जागा ऐकली नव्हती.

(इथे तो सांधा वाजवून दाखवला.)

चौथी गोष्ट मींड. खटक्याच्या वाद्यावर सूर पायरीने उतरतो, घसरत नाही. क्लॅरिनेटवर बोटं भोकांवरून हळूच सरकवता येतात, म्हणून वरातीत गाण्याची गळ्यातली जागा क्लॅरिनेटवाला घेतो. आणि क्लॅरिनेटची आणखी एक गंमत. बासरीत जोराने फुंकलं की तोच सूर वरच्या सप्तकात जातो. क्लॅरिनेटमध्ये कळ दाबली की सा वरच्या सा वर न जाता एकदम त्याच्याही वरच्या पंचमावर उडी मारतो. त्यामुळे एकच चाल दोन सप्तकांत वाजवायची तर बोटं दोन वेगळ्या तऱ्हेने शिकावी लागतात. हे सगळं त्या माणसाने कुठल्याही पुस्तकाशिवाय, मिरवणुकीत चालता चालता आत्मसात केलेलं होतं. मी त्याची मींड कागदावर लिहायचा प्रयत्न केला. तीन वेळा लिहिली, तीन वेळा चुकली. शेवटी वहीत नुसती एक वाकडी रेघ काढली आणि खाली लिहिलं, ‘उस्तादांकडून शिकावे.’

रचना तीन भागांची झाली, सगळी मिळून सात मिनिटांची. पहिला भाग छावणी. दुसरा वरात, केहरव्याच्या ठेक्यात, एकाचा सवाल आणि सगळ्यांचा जबाब. तिसऱ्या भागाचं नाव आम्ही ‘परत’ ठेवलं. लग्न लागतं, वऱ्हाडी जेवायला जातात, आणि बँडवाले रात्री दोन वाजता वाद्यं खांद्यावर टाकून घरी निघतात. तेव्हा कुणी वाजवत नाही. एखादा ड्रमवाला चालता चालता काठीने कडेवर टकटक करतो, बस. आमच्या तिसऱ्या भागात शेवटी तेवढंच उरतं. एक मुलगा दुर्गातली एक ओळ क्लॅरिनेटवर अगदी हळू वाजवतो आणि ड्रमच्या कडेवर काठी.

वहीच्या पहिल्या पानावर रचनाकार म्हणून दोन नावं लिहिली. आधी त्यांचं, मग माझं. ते म्हणाले, माझं नको. मी म्हटलं, गंधार कुणी विझवला?

वार्षिक संमेलनात मुलांनी ते वाजवलं. दुसऱ्या भागात ठेका सुटला, दोन ट्रम्पेटं पुढे पळाली, तिसऱ्या भागापर्यंत सावरलं. निवेदन त्या मुलानेच केलं. त्याने श्याम बँड ब्रिटनला गेल्याचं सांगितलं, लंडनच्या बँडचं सांगितलं, आणि मग म्हणाला, “ये रचना मेरे पिताजी की और सर की है.” वडील मागच्या खुर्चीत बसले होते. तो दिवस सराईतला होता, त्यामुळे टाळ्या चालू असतानाच ते उठले. त्यांना बँडच्या गाडीत बसायचं होतं.

या एका कार्यक्रमाने सगळं बदललं असं मी म्हणणार नाही. दुसऱ्याच दिवशी एका पालकाने मला विचारलं, “सर, आमच्या मुलाला तुम्ही बँडवाला करणार का?” वरातीत आता डीजेच्या गाड्या आल्यात. करोनाच्या काळात मिरवणुकाच बंद होत्या, तेव्हा कितीतरी वादकांनी वाद्यं कोपऱ्यात ठेवली आणि दुसरी कामं धरली. त्यातले सगळे परत आलेले नाहीत. एक मास्तर गेला की त्याच्याबरोबर शे-दीडशे चालींची मांडणी जाते, कारण ती कुठेच लिहिलेली नसते.

दुसरीकडे वारंही थोडं फिरतंय. दिल्लीत २९ जानेवारीला जो बीटिंग रिट्रीटचा सोहळा होतो, त्यातली ‘अबाइड विथ मी’ ही इंग्रजी धून २०२२ साली वगळली आणि ‘ऐ मेरे वतन के लोगों’ आली. त्यावर वाद झाले, होऊ द्या. माझा मुद्दा वेगळा आहे. फौजेच्या बँडसाठी भारतीय रचना लागतात हे सगळ्यांनी मान्य केलंय. मग शाळांच्या बँडसाठी का लागू नयेत? पुण्याच्या गणपतीत प्रभात बँड वाजतो तेव्हा लोक फर्माइशी करतात, रागदारी ऐकतात. म्हणजे कान तयार आहेत. रचना नाहीत. आणि ज्यांना त्या सुचतात, त्यांच्या हातात वही नाही.

म्हणून माझी तुम्हाला एक छोटी विनंती आहे. तुम्ही नागपूरला असा, बेळगावला असा, इंदूरला, बडोद्याला, हैदराबादला असा. पुढच्या लग्नात बँड आला की मास्तराला नाव विचारा. सराई संपल्यावर त्याच्या दुकानात जा. फोनवर त्याची एक चाल मुद्रित करून घ्या, त्याची परवानगी घेऊन आणि त्याच्या नावासकट. तुम्ही शाळेत शिकवत असाल तर त्याला एक दिवस वर्गात बोलवा, मानधन द्या, आणि मुलांसमोर त्याला ‘सर’ म्हणा. गाणं शिकलेलं कुणी घरात असेल तर त्याने ती चाल लिहून काढावी. ती सात मिनिटांची असायला नको, एक मिनिटाची चालेल.

त्या मुलाचं काय झालं, असं लोक विचारतात. तो आता मोठा झाला. नोकरी करतो, वाद्य सुटलेलं नाही. लग्नसराईत एखाद्या रात्री वडिलांबरोबर उभा राहतो. मागच्याच हिवाळ्यात मला एका वरातीत दिसला. टोपी नीट डोक्यावर होती. मला पाहून त्याने युफोनियम खाली न घेता नुसत्या भुवया उंचावल्या आणि वाजवत पुढे गेला.